पुरे म्हणायचं राहिलं

१

सकाळी सातला मी बांधावर असतो. पाऊस असो, धुकं असो, अंगात ताप असो. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात पहार, खिशात बिड्या. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशे पावलं. जाताना तलावाकडची बाजू बघायची, येताना कोरडी बाजू. तडा गेलाय का, दगड घसरलाय का, खेकड्यानं बीळ पाडलंय का. मग तीस फूट खाली पायथ्याला उतरायचं आणि झिरपणारं पाणी बघायचं.

मातीचं धरण झिरपतंच. झिरपत नाही म्हणणारा एकतर मालक असतो, नाहीतर खोटारडा. पाणी किती येतंय आणि कसलं येतंय, एवढाच प्रश्न. किती, ते बघायला पायथ्याच्या चरात एक पत्रा उभा केलाय, त्याला मधोमध त्रिकोणी खाच पाडलीय. खाचेतून किती बोटं पाणी वाहतंय ते मोजायचं. कसलं, ते बघायला काचेचा पेला. तो उजेडाला धरायचा. पाणी नितळ असलं तर खुशाल चहा प्यायला जायचं. गढूळ असलं तर धरण आतून माती गमावतंय, आणि मग चहाबिहा विसरून खालच्या वस्तीला पळा म्हणून सांगायचं.

खालची वस्ती म्हणजे नऊ घरं. ओढ्याला लागून असलेलं पहिलं घर माझ्या धाकट्या बहिणीचं, धोंडुबाईचं. नवरा गेला, पोरगी नांदायला गेली, ही दोन म्हशी घेऊन एकटी राहते. मला तिच्याशिवाय कुणी नाही.

माझं नाव पिराजी. चाळीस वर्षं मातीकामाचा मुकादम. चंदगड तालुक्यातले कितीतरी पाझर तलाव माझ्या टोळीनं बांधले. हे धरण मात्र सरकारी नव्हे. कागलच्या हंबीररावांनी बारा वर्षांपूर्वी आपल्या रिसॉर्टसाठी बांधून घेतलं. आठ बोटी, चार बदकं आणि फोटो काढायला आलेले पावणे. बांधलं मी, आणि आता राखतोही मीच. लिहिताना मी रिपोर्टासारखं लिहितो, ती सवय. तोंडानं मात्र अस्सल कोल्हापुरी.

अठ्ठावीस जुलैला तलाव भरला आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. नेहमीसारखा मी पायथ्याला उतरलो. खाच कोरडी होती.

२

हंबीरराव असते तर त्यांनी पेढे वाटले असते. मला मात्र ते पटेना. तलाव तुडुंब आणि खाच कोरडी, हे चाळीस वर्षांत मी एकदाही बघितलं नव्हतं. पाणी गप बसत नाही. ते दुसरीकडून वाट काढतं. मी सगळा पायथा पालथा घातला, गवत चाचपलं, मातीत बोटं खुपसली. ओल होती ती पावसाची. धरणाची नव्हती.

मग पहार लावली. हे आमचं जुनं तंत्र. पहार हातभर ठोकायची आणि वरच्या टोकाला कान लावायचा. भरावात कुठं पाणी पळत असलं तर पहारीतून बारीक सूं ऐकू येतं, चुलीवर आधण ठेवल्यासारखं.

तलावातलं पाणी सोडायला भरावाच्या बुडातून एक लोखंडी नळ काढलाय. त्याचं तोंड पायथ्याला उघडतं. त्या तोंडाच्या डाव्या अंगाला मी पहार ठोकली.

धप. धप. धप. मग एक उसंत. धप. धप. धप.

कान काढला. पाऊस, ओढा, बेडकं. परत लावला. धप, धप, धप.

च्यायला, म्हटलं, हा आपल्याच कानातला ठोका. वय झालं बाबा. मनगटाची नाडी धरून बघितली, ती भलत्याच वेगानं पळत होती. मग वाटलं जनरेटर असंल. धापा टाकत वर रिसॉर्टवर गेलो, जनरेटर बंद. कोणी धुणं आपटत नव्हतं. बोटी पलीकडच्या काठाला ताडपत्रीखाली गप पडल्या होत्या. पुन्हा खाली आलो. पहार दहा पावलं लांब लावली, आवाज बारीक झाला. वीस पावलांवर नाहीच. नळाजवळ आणली, की स्वच्छ.

कानातला ठोका जागा बघून कमीजास्त होत नाही. एवढं मला कळतं.

आणि तो ठोका मला ओळखीचा होता, हेही मला कळलं. पण त्या दिवशी मी ते मनाशी कबूल केलं नाही. पहार उपटली आणि घरी जाऊन दार लावून बसलो.

३

धुम्मस म्हणजे काय, ते आधी सांगतो. बाभळीचा छातीइतका दांडा, खाली लोखंडाचा चौकोनी ठोकळा, वजन पंधरा किलो. भरावावर रोलर फिरतो, पण नळाला चिकटून रोलर घालता येत नाही. तिथं माणूस उभा करायचा. वीतभर माती टाकायची, धुम्मसानं चोपायची, परत वीतभर टाकायची. धरण फुटायचं झालं तर पहिल्यांदा ह्याच जागेवर फुटतं. म्हणून तिथं मी कायम गुंडूला लावायचो.

गुंडू बेळगावच्या हद्दीवरचा. बुटका, काळा, उजव्या हाताची करंगळी रहाटात गेलेली. तीन ठोके घालायचा, एक श्वास घ्यायचा, परत तीन. सकाळपासून सांजपर्यंत. मी म्हणायचो, "गुंड्या, जरा दमानं घे की लेका." तो म्हणायचा, "दमानं घेतलं की मोजायचं इसरतंय, मुकादम."

आमच्या टोळीचे दोन नियम होते. चोपणारा आपल्या मनानं थांबत नाही. मुकादम 'पुरे' म्हणेल तेव्हाच थांबायचं. अर्धवट चोपलेला थर म्हणजे पाण्याला आयती वाट. आणि दमलाच, तर नळावर दगडानं दोनदा वाजवायचं. मग दुसरा येणार, दांड्याला हात लावणार, आणि मगच पहिल्यानं सोडायचं. दुसऱ्याचा हात लागल्याशिवाय दांडा सोडलेला माणूस मी टोळीत ठेवत नव्हतो.

बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर दुपारी वळीव आला. नळाच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंच भराव, मधे अरुंद चर, चरात गुंडू. मी वरून ओरडलो, "पळा रं, शेडात पळा!" सगळे पळाले. मीही पळालो. पुरे म्हणालो नाही.

तासभर कोसळला. चराच्या कडा आत बसल्या. दुसऱ्या दिवशी मी वरचा चिखल काढला, सुकी माती टाकली आणि रोलर फिरवला. गुंडू कामावर नव्हता. कोणीतरी म्हणालं, गोव्याला गेला, मेहुणा हाय त्याचा तिकडं. मी ते लगेच खरं मानलं. आठ दिवसांनी त्याची बायको तानाबाई आली. तिलाही मी तेच सांगितलं. तिनं शेडाच्या डाव्या कोपऱ्यातली त्याची चप्पल उचलली आणि म्हणाली, "मुकादम, गोव्याला जाणारा माणूस चप्पल सोडून जातोय व्हय?"

"नवी घेतली असंल," मी म्हणालो.

त्या दिवसापासून ते धुम्मसही कुणाला दिसलं नाही. पंधरा किलोचं लोखंड खांद्यावर टाकून कोण गोव्याला जाईल? हे मला तेव्हाच सुचलं होतं. मी कुणाला बोललो नाही. पाऊस तोंडावर होता, भराव पुरा करायचा होता, आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

४

"मालक, तलाव खाली करूया."

"का? गळतोय व्हय?" हंबीरराव नाश्ता करत होते.

"गळत न्हाय. म्हणूनच म्हणतोय."

त्यांनी मिसळीचा चमचा तसाच हवेत धरला आणि हसत सुटले. "पिराजी, डोस्कं फिरलंय काय रं तुझं? गळलं तरी बोंब, न्हाय गळलं तरी बोंब! पंधरा ऑगस्टला एक खोली रिकामी न्हाय. पावण्यांस्नी काय चिखलात बोटी वडाय लावू?"

आणि सोडायचं म्हटलं तरी सोडणार कसं? नळाचा व्हॉल्व्ह चार वर्षांपासून गंजून बसलाय. मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ते दिवाळीनंतर बघू म्हणतात. सांडवा काळ्या दगडात फोडलेला, तो काही हातानं खाली करता येत नाही.

मी तालुक्याला अर्ज दिला. चौथ्या दिवशी इंजिनीयर आली, अदिती नावाची तरुण मुलगी. पोरगी कामाची होती. गुडघाभर गवतातून सगळा पायथा फिरली, दगड हलवून बघितले, खाचेचा फोटो काढला. व्हॉल्व्हवरून हंबीररावांना चार शब्द सुनावलेही. मग मला म्हणाली, "काका, बाकी तक्रारीला जागा नाही. तालुक्यात इतका घट्ट भराव मी बघितला नाही."

"मॅडम, एकदा कान लावा हितं."

तिला गंमत वाटली असावी. ओढणी मागे सारून ती वाकली आणि पहारीला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली.

"पंप चालू आहे का कुठे?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"मग वर काहीतरी ठोकाठोकी चालली असेल." ती उठली, कान पुसला आणि माझ्याकडं न बघता लिहायला लागली. झिरप नाही. भराव मजबूत. व्हॉल्व्ह तातडीनं दुरुस्त करावा.

मी तिला का सांगितलं नाही? तोंडाशी आलं होतं. पण ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, चपलेसकट. ती गेली. मी मात्र एका गोष्टीनं हबकलो होतो. तिलाही ऐकू आलं होतं.

५

नऊ ऑगस्टला सकाळी मला ते सहन होईना. बारा वर्षं. ऊन नाही, भाकरी नाही, बिडी नाही, आणि माणूस चोपतोय, का तर मी पळताना एक शब्द बोललो नाही. खुळ्यासारखं वाटत होतं, तरी मी नळाच्या तोंडाशी गुडघे टेकले आणि आत तोंड घातलं. आत गंजाचा वास होता.

"गुंडू," मी म्हणालो. "पुरे."

माझाच आवाज लांब आत गेला. मी पहारीला कान लावला. धप. धप. तिसरा ठोका पडलाच नाही.

मी रडलो. ढसाढसा रडलो, म्हातारा माणूस, भर पावसात. मग खोळीच्या आत बिडी पेटवली.

बिडी अर्धी व्हायच्या आत पत्र्यावर आवाज आला. खाचेतून पाणी पडत होतं. एक बोट. मी पेला धरला. पाणी चहासारखं. दोन बोटं. तीन. पाण्याबरोबर लाल मातीची ढेकळं यायला लागली, नळाच्या डाव्या अंगाची माती बुडबुडायला लागली. खाली धोंडुबाई म्हशीला हाका मारत होती, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

मी नळात तोंड घालून बोंबललो. "धर गुंडू! धर! पुरे न्हाय! चोप!"

धप धप धप धप धप. उसंत नाही, काही नाही.

तासाभरात खाच कोरडी झाली.

आता मी शहाण्या माणसासारखा विचार करून बघितला. पावसाची जोरदार सर आली, साचलेलं पाणी वाहिलं, गाळ बसला, वाट आपोआप बुजली. असं घडतं. कुठल्याही इंजिनीयरनं मला हेच सांगितलं असतं, आणि मला ते फार आवडलं असतं. पण त्या दिवसापासून मी रोज सकाळी नळाशी वाकून म्हणायला लागलो, "गुंडू, अजून थोडं." आणि हे म्हणताना स्वतःची किळस येते.

६

"धोंडे, म्हशी सोड आणि माझ्या घराकडं चल."

"का रं आण्णा?" ती चुलीपुढं बसून चहा गाळत होती.

"धरणाचा भरवसा न्हाय."

"तू हाईस की धरणावर! तू हाईस तवर मी कशाला हलू?" तिनं कपबशी पुढं सारली. "आणि थोरली म्हस आज-उद्या विणार हाय. तिला घाट चढवू व्हय पावसात? काय बी बोलतोस."

माझं लक्ष कोपऱ्यातल्या हंड्याकडं गेलं होतं. काठोकाठ भरलेल्या पाण्यावर वलयं उठत होती. एक, दोन, तीन. मग पाणी स्थिर. परत तीन.

तिनं माझी नजर बघितली. "लई दिस झालं, असंच व्हतंय. वर काय काम काढलंय व्हय हंबीररावानं?" मग जरा थांबून म्हणाली, "परवापासनं सावकाश व्हाय लागलंय पर. दमल्यागत."

चहा तसाच टाकून मी पायथ्याला आलो.

नळाच्या डाव्या अंगाला बीळ पडलं होतं. सकाळी नव्हतं. खेकडा बीळ पाडतो तेव्हा बाहेर मातीच्या गोळ्यांचा ढीग घालतो. इथं एक गोळी नव्हती. बिळाची कड तळहातानं थापल्यासारखी गुळगुळीत होती, आणि रुंदी माणसाच्या एका खांद्याएवढी. मी पहार आत घातली. ती सगळी गेली, पण कशाला टेकली नाही.

मग मी आडवा झालो आणि हात घातला. बिळात काय आहे ते हातानं बघायचं, हीच आमची पद्धत. कोपर गेलं, दंड गेला, गाल मातीला टेकला. बोटांना लाकूड लागलं. उभा दांडा. वापरून गुळगुळीत झालेला आणि गरम. तो वर जात होता, खाली येत होता. माझी बोटं लागली तसा तो थांबला.

आणि दांड्यावर माझ्या बोटांच्या वर जो हात होता, तो जरा वर सरकला. मला जागा करून द्यायला. अंगठा, तीन बोटं, आणि करंगळीच्या जागी नुसती गाठ.

मी हात कसा ओढला ते मला आठवत नाही. खांदा खरचटला. तळव्याला माती लागली होती, ती बघत मी कितीतरी वेळ बसलो. दोन महिने आमच्याकडं सुकी जागा म्हणून राहिली नव्हती. ती माती कोरडी होती. फुंकर मारली तर उडाली.

७

इथवर काल लिहिलं. हे आजचं, चौदा ऑगस्टचं. सकाळचे नऊ वाजलेत आणि मी शेडात बसलोय.

सात वाजता खाचेत एक बोट पाणी होतं, किंचित लालसर. पहारीत दोनच ठोके. मग लांब उसंत. मग एक. आणि मी कान काढायच्या आत नळातून आवाज आला, दगडानं लोखंडावर मारल्यासारखा. टण्. टण्.

मला ऐकू आलंच नाही असं मी स्वतःला सांगितलं. धावत वर गेलो. व्हॉल्व्हला पाना लावून लोंबकळलो, पाना मोडला. हंबीररावांना फोन केला, ते म्हणाले, "पंधरा तारीख हू दे, मग बोल." तिकडं पावणे केशरी जाकिटं घालून बोटींच्या रांगेत उभे राहिले होते. त्यांच्यावर ओरडलो तर मॅनेजरनं मला हाताला धरून बाजूला केलं. मग वस्तीत पळत गेलो. आठ घरं माझ्या शिव्या ऐकून पोरंबाळं घेऊन टेकाडावर चढली. देव त्यांचं भलं करो.

धोंडुबाई गोठ्यात होती. म्हैस आडवी, रेडकाचे दोन पाय बाहेर आलेले, आणि हिचे हात कोपरापर्यंत माखलेले.

"धोंडे, ऊठ. आत्ताच्या आत्ता."

"मी सोडू व्हय हिला आता? हात काढला तर दोघं बी मरतील." ती माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. "आण्णा, तासभर दम काढ. तासाभरात मोकळी हुती बघ."

तिला ओढून न्यायला मी दोनदा वाकलो. ती सत्तर किलोची बाई, चिखलात पाय रोवून बसलेली. आणि हात लावला असताना सोडायचा नाही, हे मीच आयुष्यभर माणसांना शिकवलंय. तिला कुठल्या तोंडानं सांगू?

परत आलो तेव्हा खाचेत दोन बोटं होती. बीळ कालच्यापेक्षा रुंद झालंय. माझ्या खांद्यांच्या मापाचं झालंय, मी बघितलं.

ही वही अदिती मॅडमना द्यावी. मॅडम, व्हॉल्व्ह आधी दुरुस्त करून घ्या, तलाव सगळा उतरवा, मगच भराव उघडा. नळाच्या डाव्या अंगाला, तोंडापासून साधारण बारा फूट आत, त्या दुपारी तो चोपत होता तिथं. तानाबाईला बोलावून घ्या. तिला सांगा, तुझा नवरा गोव्याला गेला नव्हता, आणि मुकादमाला ते ठाऊक होतं. ती जे बोलेल ते बोलू द्या.

पहार दाराशी टेकवून ठेवतोय. चप्पल डाव्या कोपऱ्यात काढलीय, जिथं त्याची होती तिथंच. मला भीती वाटतेय, ती का लपवू? पण बारा वर्षं तो एकटा होता आणि मी दोघांतला एक असेन.

खालून परत वाजलं. टण्. टण्.

आलो रं गुंड्या, आलो.

तलाव कोरडा झाला, की कुणीतरी पायथ्याला या आणि नळात तोंड घालून मोठ्यानं पुरे म्हणा. घाई असली तरी म्हणा. तेवढं विसरू नका.